चिंचेने घासलेले डॉलर

धनत्रयोदशीच्या दिवशी दुपारी मी नवऱ्याची नाणी घासली.

घडलं ते एवढंच. एका ओळीत मावतं. पण आमच्या घरात त्यावर पुढे कधी धड बोलणं झालं नाही, म्हणून ते माझ्याकडे साचून राहिलं. आता बोलायला समोर कोणी नाही, तेव्हा लिहून टाकते.

नाणी त्रेसष्ट होती. सगळी अमेरिकन, सगळी चांदीची आणि सगळी काळपट. चांदीची आहेत हे अविनाशने सांगितलं म्हणून मी मानलं. एरवी जुन्या पाण्याच्या टाकीच्या तळाशी सापडलेल्या चकत्या म्हणूनही ती खपली असती. एका बाजूला मुकुट घातलेल्या बाईचा चेहरा, दुसऱ्या बाजूला पंख पसरलेला गरुड. काही लहान नाण्यांवर एक बाई सूर्याच्या दिशेने चालत निघालेली. (मस्कतच्या उन्हाळ्यात सूर्याच्या दिशेने कोणी चालत जात नाही. ती नक्कीच दुसरीकडची होती.)

नव्वदीचं दशक तेव्हा संपत आलं होतं. आम्ही मस्कतला वादी अदाईत, डोंगराला पाठ लावून उभ्या असलेल्या एका तीन मजली इमारतीत राहायचो. अविनाश कुरुमच्या एका बांधकाम कंपनीत सिमेंट, सळई आणि विटांचे अंदाज बांधायचा. मी एका भारतीय शाळेत ग्रंथपाल होते. आमच्या ओळखीची माणसं ओमानमध्ये येऊन सोनं घेत. अविनाश दर शुक्रवारी मत्राच्या बाजारात जाऊन काळी नाणी घ्यायचा. तिथे एका म्हाताऱ्या ओमानी दुकानदाराकडे दुधाच्या पावडरीचा मोठा डबा होता. तो डबा चटईवर उपडा करायचा. ऑस्ट्रियाच्या राणीची जाडजूड नाणी, आपल्याकडचे जुने रुपये आणि त्यांत कधीतरी, महिना-दोन महिन्यांतून एखादा, अमेरिकेचा डॉलर. पुष्कळ नाण्यांना वरून कडी डागलेली असे, कारण ती बायकांच्या गळ्यातून उतरून त्या डब्यात आलेली. अविनाश कडी असलेली नाणी बाजूला सारायचा आणि नसलेली घ्यायचा. म्हाताऱ्याला हे शेवटपर्यंत कळलं नाही. कडी नसलेलं नाणं गळ्यात घालणार कसं, असं तो दर वेळी विचारी. दोघांचं अरबी आणि हिंदी मिळून जेमतेम एक भाषा व्हायची, तेव्हा उत्तर राहूनच जाई.

घरी आल्यावर टेबलावर टॉवेलची घडी, वर दिवा, डोळ्याला भिंग. नाणं दोन बोटांत, फक्त कडेने धरायचं. खाली टॉवेल अशासाठी, की चुकून पडलं तर त्याला लागू नये. (मुलगी तान्ही असताना त्याने तिला इतक्या काळजीने धरल्याचं मला आठवत नाही. ती पडलीही होती.) मग नाणं एका चौकोनी पुठ्ठ्यात जाई. पुठ्ठ्याला मधोमध पारदर्शक खिडकी, चारी बाजूंनी स्टेपलरच्या पिना, आणि वर पेन्सिलीने साल आणि टांकसाळीचं अक्षर.

एकदा त्याने मला बोलावून गरुडाच्या शेपटीखाली पाहायला सांगितलं. भिंगातून दोन बारीक अक्षरं दिसली. ती अक्षरं म्हणे अमेरिकेतल्या एका वाळवंटी गावातल्या, कधीच बंद पडलेल्या टांकसाळीची. मत्राच्या डब्यात हे असं सापडणं म्हणजे काय, हे तो मला अर्धा तास समजावत होता. मी हो हो म्हणत भात उतू जातोय का ते बघत होते. नाण्यावर निळसर, जांभळट, राखाडी अशी झाक होती. मला ती डागासारखी वाटली. मी तसं बोलूनही दाखवलं.

त्याला हसणारी मी एकटी नव्हते. पुण्याला गेलो की त्याचे थोरले भाऊ विचारत, "अव्या, दहा वर्षं गल्फात राहून हे जमवलंस?" तो नुसता हसायचा. त्याला ती नाणी विकायची नव्हती. त्याला फक्त एकदा, ज्याला त्यातलं कळतं अशा माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं की हे बरं जमवलंय. बाकी त्याने आयुष्यात कोणाकडे काही मागितल्याचं मला ठाऊक नाही. माझ्याकडे मीठ मागायचीही त्याला भीड वाटे.

असा माणूस मिळाला. मदिनत सुलतान काबूस या वस्तीत राहणारे मिस्टर डॉसन, अमेरिकेतले निवृत्त भूगर्भशास्त्रज्ञ. ते मायदेशी असताना नाण्यांच्या प्रदर्शनांत परीक्षक म्हणून बसत, असं अविनाशला कोणीतरी सांगितलं. त्याने महिनाभर विचार करून त्यांना फोन केला. पुढच्या आठवड्यात ते कायमचे परत जाणार होते. शुक्रवारी सकाळी दहा वाजता येतो म्हणाले. मंगळवारी अविनाश केस कापून आला. बुधवारी दुपारी जेवायला घरी आला तेव्हा त्याने नाण्यांची पेटी कपाटातून काढून जेवणाच्या टेबलावर ठेवली, पुठ्ठे एकदा मोजले, आणि संध्याकाळच्या पाळीसाठी साडेतीनला परत ऑफिसला गेला. जाताना म्हणाला, पेटी इथेच राहू दे.

तो बुधवार धनत्रयोदशीचा होता.

माझ्या डोक्यात त्या दुपारी दोन गोष्टी शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक, पूजेला चांदीचं नाणं हवं होतं, आणि आमचं लक्ष्मीचं नाणं पुण्याच्या लॉकरमध्ये राहिलं होतं. दुसरी, परवा घरी पाहुणा येणार होता. आमच्याकडे पाहुणा येणार म्हटलं की समई घासतात, तांब्या घासतात, जे जे घासण्यासारखं असेल ते घासतात. आणि इथे तर पाहुणा मुळी जी वस्तू पाहायला येणार तीच इतकी कळकट! मला अविनाशची दया आली. बिचारा इतक्या हौसेने जमवतो, पण पुरुषमाणूस; स्वच्छ करायचं त्याला सुचलं नसणार.

मग मी पिना काढायला बसले. एका पुठ्ठ्याला चार, म्हणजे त्रेसष्टांना दोनशे बावन्न. हे मी मुद्दाम सांगते, कारण ही चूक क्षणात झाली असं मला कोणाला म्हणता येत नाही. दर पिनेगणिक थांबायला वाव होता. मी थांबले नाही, कारण काम नेटकं चाललं होतं.

चिंच कोमट पाण्यात भिजवली. कोळात मीठ घातलं. बाईच्या केसांच्या बटांमधली आणि गरुडाच्या पिसांमधली काजळी निघेना, तिथे जुना टूथब्रश आणि दंतमंजन लावलं. शंभर वर्षांचा काळेपणा पाऊण तासात गेला. नाणी अशी लखलखायला लागली की स्वयंपाकघराच्या छतावर त्यांचे कवडसे पडले. ती मलमलीने पुसून मी चांदीच्या ताटात मांडली आणि हळदकुंकू वाहिलं. प्रत्येक बाईच्या कपाळाला एकेक बोट. बायका एका बाजूला पाहत असल्यामुळे कुंकू कानशिलावर येत होतं, पण सगळ्या सवाष्णी दिसत होत्या. मी दोन पावलं मागे सरून पाहिलं आणि मला, खरं सांगते, अविनाशचा अभिमान वाटला.

पाच वाजता आमची मुलगी मुक्ता शिकवणीहून आली. तेव्हा ती तेरा वर्षांची होती आणि तिचं मराठी जपून पावलं टाकत चालायचं. तिने ताटाकडे पाहिलं, मग टेबलावरच्या रिकाम्या पुठ्ठ्यांच्या ढिगाकडे, आणि दप्तर न उतरवताच उभी राहिली.

"आई, तू त्यांना वॉश केलंस?"

"घासली. बघ कशी निघालीत."

"बाबा सेड नेव्हर. नेव्हर म्हणजे कधीच नाही, आई."

ती आतून अविनाशचं नाण्यांचं जाड पुस्तक घेऊन आली आणि पहिलंच पान उघडून माझ्यापुढे धरलं. त्यावर चौकटीत, लाल अक्षरांत लिहिलं होतं की नाणी कधीही, कशानेही साफ करू नयेत. त्यांचं मोल त्यांच्यावर चढलेल्या काळात असतं आणि तो एकदा गेला की परत येत नाही. मी ग्रंथपाल. पुस्तकाची सुरुवातीची पानं न वाचता पुढे जाऊ नका, असं मी वीस वर्षं मुलांना सांगत आले. हे पुस्तक माझ्याच घरात सहा वर्षं होतं आणि मी त्याची फक्त धूळ पुसत होते.

सव्वापाच झाले होते. अविनाश साडेसातला येणार. माणसाने या वेळी गप्प बसून वाट पाहायला हवी. मी नाणी आणि पुठ्ठे पिशवीत भरले आणि मुक्ताला घेऊन खालच्या मजल्यावर रुकय्याभाभींकडे गेले.

रुकय्याभाभी रत्नागिरीच्या. त्यांच्या यजमानांचं रुवीला कापडाचं दुकान होतं, आणि इमारतीतल्या कोणाचंही काही अडलं की ते भाभींच्या ओट्यावर सुटायचं. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. चांदी पांढरी करायची म्हणून लोक येतात, काळी करायची म्हणून आलेली मी पहिलीच, असं म्हणून थोडं हसून घेतलं. मग म्हणाल्या, "अगो वैनी, ह्यात काय हाय मोठा? माझी अंगठी एकदा अंड्यात ऱ्हायली ती काली झाली. अंडी उकडू या."

आमच्या घरात अंडं येत नसे. त्यामुळे ते कसं उकडतात, किती वेळ, हे मला काहीच माहीत नव्हतं आणि मी अडवू शकले नाही. भाभींनी दीड डझन अंडी उकडली, गरम असतानाच कुस्करली, मोठ्या प्लास्टिकच्या डब्यात नाणी आणि अंडी असे थर दिले आणि झाकण लावलं. बिर्याणीला दम देतात तसा वर पाटाही ठेवला. वीस मिनिटांनी उघडून पाहिलं. नाणी काळी झाली नव्हती. ती पिवळी झाली होती. काही ठिकाणी मोरपंखी, काही ठिकाणी तपकिरी, आणि जिथे बलक चिकटला होता तिथे ठिपके. त्रेसष्ट बायकांना एकदम कांजिण्या आल्यासारखं दिसत होतं.

"अजून धा मिनटा ठेवू," भाभी म्हणाल्या.

दहा मिनिटांनी ठिपके गडद झाले.

मी नाणी धुतली. रंग राहिला आणि वासही राहिला. वासावर भाभींकडे उपाय होता: लोबान. ओमानमध्ये घराघरांतून, कपड्यांना, पाहुण्यांना, कशालाही लोबानाची धुरी देतात. नाण्यांना कोणी दिली नसेल, पण त्या वेळी ते दोघींनाही योग्य वाटलं. धूपदाणीवर चाळणी आणि चाळणीत नाणी ठेवून आम्ही त्यांना धुरी दिली. धुराने वास गेला नाही. लोबानाचा वास येऊन त्याच्याशेजारी बसला. शिवाय नाण्यांना एक चिकट लुकण चढलं आणि ती चाळणीला, एकमेकांना आणि माझ्या बोटांना चिकटू लागली.

इकडे मुक्ता जमिनीवर बसून नाणी पुन्हा पुठ्ठ्यांत घालत होती. साल जुळवणं सोपं होतं. अक्षर जुळवायला भिंग लागत होतं, ते वर घरी होतं. ती अंदाजाने भरत गेली. मध्येच तिने मान वर केली.

"आई, आपण सरळ सांगू ना. सॉरी म्हणायचं. इट्स इझी."

मी तिला लवकर भर म्हणाले.

साडेसातला अविनाश आला. चपला काढता काढता त्याने हवा हुंगली आणि आज काय आहे असं विचारलं. मी धनत्रयोदशी म्हणाले. तो टेबलाशी गेला. पेटी होती. त्याने वरचा पुठ्ठा उचलला, दिव्याकडे धरला, ठेवला. दुसरा उचलला. मग खुर्चीवर बसला आणि एकेक करून सगळे पाहिले. मी ओट्याशी पाठ करून उभी होते आणि मोजत होते. त्रेसष्टला किती वेळ लागतो, हे मला त्या दिवशी कळलं.

"कशाने घासलीस, वसू?" त्याने विचारलं.

"चिंचेने."

"आणि हा रंग?"

मी अंडी म्हणाले. लोबानही म्हणाले. एका पिशवीत येणाऱ्या सामानासारखी मी एकेक वस्तू सांगत गेले. दंतमंजन शेवटी आठवलं, तेही सांगितलं. तो रागावला असता तर मला काहीतरी करता आलं असतं. मी रडले असते किंवा उलट बोलले असते. त्याने नुसता हात धुतला आणि वाढ म्हणाला. जेवणात मीठ कमी होतं. मागितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याला म्हटलं की डॉसनसाहेबांना फोन करून येऊ नका सांगू या. तो म्हणाला, वेळ दिलेली आहे.

शुक्रवारी दहाला डॉसन आले. उंच, किंचित वाकलेले, पायांत सँडल. मी लाडू, चकली आणि कॉफी ठेवली. अविनाशने टॉवेलची घडी घातली, दिवा लावला, भिंग त्यांच्यापुढे ठेवलं. दहा वर्षांची सगळी तयारी अगदी जशी व्हायला हवी तशी झाली. डॉसननी पहिलं नाणं पाहिलं आणि बाजूला ठेवलं. दुसरं पाहिलं. पाचव्या-सहाव्या नाण्यानंतर त्यांचा हात भराभर चालायला लागला, कंटाळलेल्या शिक्षकाचा उत्तरपत्रिकांवर चालतो तसा. प्रत्येक नाण्यावर ते एकच इंग्रजी शब्द म्हणत: साफ केलेलं. साफ केलेलं. साफ केलेलं. मी स्वयंपाकघराच्या दारात ताट धरून उभी होते.

मग ते दोन अक्षरांचं नाणं आलं. मुक्ताने ते भलत्याच पुठ्ठ्यात घातलं होतं, पण त्यांच्या नजरेने ते बरोबर हेरलं. ते थांबले. भिंग लावून कितीतरी वेळ पाहत राहिले. अस्सल आहे, म्हणाले. आणि नक्षीची झीज जवळजवळ नाही. हे फार सुंदर नाणं होतं. "होतं" हे त्यांनी सावकाश उच्चारलं. मग ते जरा वास घेऊन, पुन्हा पाहून, मान वर करून म्हणाले, "हे कोणी केलं?"

मी ताट खाली ठेवलं. तोंड उघडलं. सांगणार होते, देवाशपथ.

"मी," अविनाश म्हणाला. "मला वाटलं, तुम्ही येणार, तर स्वच्छ दिसावीत."

डॉसननी भिंग खाली ठेवलं. मागाहून माझ्या लक्षात आलं, की नाणी जमवणाऱ्या माणसाने दुसऱ्या जमवणाऱ्यासमोर म्हणू नये असं एकच वाक्य असतं, आणि ते हे होतं. दहा वर्षं ज्या एका माणसाच्या एका शब्दासाठी तो थांबला, त्याच माणसाच्या नजरेत तो त्या क्षणी अडाणी ठरला. आणि तेही आपण होऊन. मी पुढे झाले तेव्हा त्याने माझ्याकडे न बघता कॉफी आण म्हणून सांगितलं. कॉफी समोरच होती.

डॉसन सज्जन माणूस. ते ओरडले नाहीत. त्यांनी पाऊण तास अविनाशला नाणी का घासू नयेत हे पहिल्यापासून शिकवलं. चांदीवर काळ कसा चढतो, हवा काय करते, कापड काय करतं, आणि चिंचेसारखं आंबट पाणी काय करतं. अविनाशला यातलं अक्षर अन् अक्षर पाठ होतं. तो वही उघडून पेन्सिलीने सगळं उतरवून घेत होता आणि मधूनमधून शंकाही विचारत होता. शेवटी त्याने विचारलं, आता यांची किंमत काय धरायची. डॉसन म्हणाले, चांदीच्या वजनाची. त्यांनी लाडू दोन खाल्ले, लाडवांचं मनापासून कौतुक केलं आणि उठले. दारात त्यांनी अविनाशच्या खांद्यावर हात ठेवला आणि निराश होऊ नका, नवशिक्यांकडून असं होतं, म्हणाले.

ते गेल्यावर मी त्याला विचारलं, का रे असं सांगितलंस. तो म्हणाला, "तो आठवड्याने जाणार. तुला इथेच राहायचंय." आणि नाणी पुन्हा पुठ्ठ्यांत घालायला बसला. या वेळी अक्षरं नीट पाहून.

त्यानंतरही तो शुक्रवारी मत्राला जायचा, म्हाताऱ्याशी बोलत बसायचा, पण नाणं आणल्याचं मला आठवत नाही. दोन हजार सालानंतर काही वर्षांनी, ऑफिसच्या जिन्यात, त्याचं हृदय थांबलं. मी आणि मुक्ता परत आलो. पेटी माझ्या हातातल्या सामानात होती. विमानतळावर यंत्रातून गेली तेव्हा त्यांनी ती उघडायला लावली आणि हे काय म्हणून विचारलं. उत्तर मुक्ताने दिलं.

पुण्यात तिच्या आग्रहाने मी ती एका जुन्या नाण्यांच्या व्यापाऱ्याला दाखवायला नेली. विकायला नव्हे, त्याच्यासाठी कोणीतरी पुन्हा एकदा पाहावीत म्हणून. तरुण, हुशार मुलगा होता. त्याने भिंग लावलं, दोन-चार पाहिली, आणि मग दोन अक्षरांच्या नाण्यावर अडखळून एकदम कळवळला.

"अरेरे. काकू, ही कोणी हो घासली?"

मुक्ताने माझ्याकडे पाहिलं. प्रायश्चित्ताची इतकी सोयीची वेळ पुन्हा येणार नव्हती. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, मुलगा अनोळखी होता, आणि मी सहा-सात वर्षं हेच कधीतरी मोठ्याने म्हणायचं ठरवत आले होते.

"आमच्या मिस्टरांनी," मी म्हणाले.

त्रेसष्ट नाणी माझ्या कपाटात आहेत.